शब्दांकनाची सेवा घ्यावी का? चार निवृत्त प्राध्यापकांचा अनुभव

नागपुरातल्या धरमपेठेतल्या एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावरून तिघा जणांचा एक लहान गट निवृत्त मंडळींच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून त्यांचे शब्दांकन करण्याची आणि हवे असल्यास त्याचे पुस्तक छापून देण्याची सेवा देतो. आम्ही चार सेवानिवृत्त प्राध्यापकांनी गेल्या वर्षी ही सेवा एकत्र घेतली. आमच्यात रसायनशास्त्राचे एक ऐंशी ओलांडलेले सर, मराठीचे सर, इंग्रजीच्या मॅडम आणि भूगर्भशास्त्र शिकवणारा मी, असे चौघे होतो. प्रत्येकी १६,००० रुपये, म्हणजे एकूण ६४,००० रुपये आम्ही मोजले आणि त्यात चौघांचे मिळून बावीस तासांचे ध्वनिमुद्रण, त्याचे लिखित रूप, संपादन आणि डेमी आकारातील १४४ पानांच्या एकत्रित पुस्तकाच्या १०० प्रती मिळाल्या. पुढे तक्रारीचे बरेच मुद्दे येणार असल्यामुळे त्या गटाचे नाव मी येथे लिहीत नाही. तशीही अशी सेवा देणारे आता अनेक आहेत, आणि निवड करताना काय पाहावे हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

ही कल्पना विद्यापीठाच्या शताब्दीच्या निमित्ताने निघाली. नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ सालची. पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस यांच्यापासून पुढच्या सर्व कुलगुरूंची नावे, इमारतींच्या कोनशिला, देणग्यांचे आकडे हे सगळे कोठे ना कोठे नोंदलेले असते. परंतु एखाद्या वर्षीच्या जुलै महिन्यात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्गात नेमके काय घडले, शिक्षकाने फळ्यावर काय काढले आणि मागच्या बाकावरून कोणता प्रश्न आला, याची नोंद कोणत्याही दप्तरात राहत नाही. ती आमच्या डोक्यात आहे आणि डोकी आता फार भरवशाची उरलेली नाहीत, एवढाच साधा हिशेब त्यामागे होता.

पहिली बैठक वाया गेली, असे मी स्पष्टच लिहितो, आणि त्यात सेवा देणाऱ्यांचा दोष अर्धाच होता. त्यांनी एक छापील प्रश्नावली आणली होती: जन्म, शिक्षण, नियुक्ती, पदोन्नती, पुरस्कार, संदेश. आम्हीही तत्परतेने त्या चौकटींमध्ये उत्तरे भरत गेलो. निवृत्त प्राध्यापकाला स्वतःविषयी बोलायला सांगितले की तो बायोडेटा वाचू लागतो, आणि ही सवय त्याला व्यवस्थेने लावलेली असते. पदोन्नतीसाठीच्या स्थाननिश्चितीच्या मुलाखती, महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या भेटी, आणि २०१० च्या यूजीसी नियमावलीनंतर आलेले, शिक्षकाची कामगिरी मोजणारे एपीआयचे गुण, या सगळ्यांमध्ये आपली कारकीर्द तक्त्यांत बसवून समितीपुढे मांडायची असे. त्या तक्त्यात अध्यापनालाही स्थान होते, नाही असे नाही; पण तेथे तासांची संख्या विचारली जात असे, तासात काय झाले ते नव्हे. शेवटची सहा वर्षे मी दर उन्हाळ्यात प्रमाणपत्रांच्या छायाप्रती जोडत असे. त्यामुळे ध्वनिमुद्रकासमोर बसल्यावरही माझ्या तोंडून दोन रिफ्रेशर कोर्स, अभ्यास मंडळाचे सदस्यत्व आणि शोधनिबंधांची संख्याच बाहेर पडली. तो भाग नंतर मी ऐकला आणि मलाच जांभई आली.

दुसऱ्या बैठकीपासून एक तरुण मुलगी येऊ लागली आणि या सेवेतले जे काही चांगले आहे ते बहुतांशी तिच्यामुळे आहे. तिने प्रश्नावली पिशवीतच ठेवली आणि मला विचारले, की सर, तुमचा पहिला तास कशाने सुरू होत असे? मी पस्तीस वर्षे पहिल्या तासाला स्टीफन हिस्लॉपची गोष्ट सांगत आलो. १८४५ मध्ये हा स्कॉटिश मिशनरी नागपुरात आला, धर्मप्रचाराबरोबर त्याने येथले दगड आणि जीवाश्म गोळा केले, टाकळीच्या थरांतले गोड्या पाण्यातील शंख जगाच्या नजरेस आणले, आणि १८६३ साली टाकळघाटजवळची शिळावर्तुळे पाहून परत येताना ओढ्याच्या पुरात तो बुडाला. त्यापुढे मी मुलांना सांगत असे, की तुम्ही रोज ज्या सीताबर्डीच्या टेकडीखाली बस बदलता ती टेकडी लाव्ह्याची आहे. शहराच्या पश्चिमेला हा लाव्हा पसरला आहे आणि तुम्ही कामठीच्या दिशेने निघालात की तो संपतो व त्याहून कितीतरी जुने खडक लागतात. दख्खनच्या लाव्ह्याची पूर्वेकडची कड आपल्या गावातून जाते. त्या मुलीने एवढेच म्हटले, “मी रोज बर्डीलाच उतरते सर, मला कधी कोणी सांगितलं नाही,” आणि त्यानंतरचा सव्वा तास मला प्रमाणपत्रांची आठवणही झाली नाही.

तिसऱ्या बैठकीला तिने प्रत्येकाला नोकरीच्या काळातील एक वस्तू बरोबर आणायला सांगितले होते. मी क्षेत्रकार्याची डायरी नेली. कापडी बांधणीची, एका कोपऱ्यावर वाळवी लागलेली ही डायरी १९८४ ते १९८९ या काळातल्या मनसरच्या सहलींची आहे. रामटेकजवळच्या या मँगनीजच्या पट्ट्यात आम्ही दर डिसेंबरात विद्यार्थ्यांना नेत असू. ती मुलगी पाने उलटत होती आणि मी गोंडाइटविषयी बोलत होतो. स्पेसार्टिन गार्नेट आणि क्वार्ट्झ या खनिजांच्या या खडकाला फरमॉर या ब्रिटिश भूगर्भशास्त्रज्ञाने आपल्या भागातील गोंडांवरून नाव दिले, हे सांगताना मला अजूनही बरे वाटते. मध्येच तिने बोट ठेवून विचारले, “सर, १९८८ च्या पानावर हे नाव खोडून दुसरं का लिहिलंय?”

ते का खोडले, हे मी कोणालाही सांगितलेले नव्हते. तेथे एका पांढऱ्या खडकात गुलाबी पट्टा आहे. तो ऱ्होडोनाइट या खनिजाचा, असे मी १९८४ पासून सलग चार वर्षे विद्यार्थ्यांना सांगितले, कारण मला माझ्या सरांनी तसे सांगितले होते. १९८८ च्या सहलीत एका विद्यार्थ्याने शंका काढली आणि मी त्याला, आधी वहीत लिहून घे, असे म्हणून गप्प केले. परतल्यावर मात्र राहवले नाही म्हणून त्या नमुन्याचा पातळ छेद करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मंच फिरवला तसा एकच कण पिवळसर, मग जांभळा, मग लालभडक दिसू लागला. ऱ्होडोनाइट असा रंग बदलत नाही. ते पीमॉन्टाइट हे वेगळेच खनिज होते. मी डायरीत नाव खोडले आणि पुढच्या वर्षापासून बरोबर नाव सांगू लागलो. एवढे ऐकून झाल्यावर मुलीने अगदी सहज विचारले, “मग आधीच्या चार बॅचना तुम्ही कळवलं का सर?”

मी कळवले नव्हते. तोपर्यंत हा प्रश्न मला पडलाही नव्हता. त्यांच्यापैकी काही जण पुढे खाणकामात गेले, काही शिक्षक झाले, आणि त्यांनी तो पट्टा आणखी किती जणांना ऱ्होडोनाइट म्हणून दाखवला असेल, हे सांगता येणार नाही. पस्तीस वर्षांच्या नोकरीत माझी अनेक तपासण्यांतून ये-जा झाली, गोपनीय अहवाल लिहिले गेले, पण शिक्षक म्हणून विचारायला हवा होता असा प्रश्न मला निवृत्तीनंतर, पैसे देऊन बोलावलेल्या मुलीने विचारला. या सेवेला मी जे काही गुण देईन ते त्या एका बैठकीचे आहेत.

रसायनशास्त्राच्या सरांची बैठक सर्वांत लांबली. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ वेगळे होईपर्यंत नागपूर विद्यापीठाची हद्द वऱ्हाडातल्या टोकापर्यंत पोचत होती आणि प्रॅक्टिकलचे बाह्य परीक्षक म्हणून सर यवतमाळ, अकोला, बुलडाणा असे हिंडत. किपच्या उपकरणातला, सडक्या अंड्यांसारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू दिवसभर प्रयोगशाळेत कोंडलेला असे आणि संध्याकाळी तोच शर्ट घालून सर एस.टी.त बसत. यवतमाळच्या गाडीत एका कंडक्टरने सीटखाली वाकून कोणाच्या टोपलीतली अंडी फुटली ते शोधले होते, आणि सर खिडकीबाहेर पाहत राहिले होते. अमरावती गेल्यावर अर्धी हद्द गेली. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झाले आणि चंद्रपूर, गडचिरोलीही गेले. सरांच्या मते प्रशासनाच्या सोयीने हे योग्यच झाले, पण दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत जाऊन तिथली मुले कशी हात चालवतात हे पाहण्याची जी संधी होती, ती त्यांच्यानंतरच्या पिढीला तेवढी मिळाली नाही. याच बैठकीत त्यांनी त्या मुलीला विचारले, की तू स्वतः कुठे असतेस? ती म्हणाली, “दोन कॉलेजांत, तासिका तत्त्वावर.” त्यानंतर ध्वनिमुद्रणात थोडा वेळ कोणीच बोललेले नाही.

येथे एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्या बहुतेकांना जुनी पेन्शन नाही आणि तासिका तत्त्वावर ज्यांची वर्षेच्या वर्षे जातात त्यांना तर कसलीच नाही. १६,००० रुपये आठवणींवर खर्च करणे आमच्या पिढीला जमले. ज्यांची कारकीर्द सर्वांत खडतर, त्यांच्या आठवणी या मार्गाने नोंदल्या जाणार नाहीत, आणि सेवा देणाऱ्यांनी त्यांच्यासाठी सवलतीचा काही विचार करावा, असे मी त्यांना लेखी सुचवले आहे.

इंग्रजीच्या मॅडमचा अनुभव वेगळा आहे. त्यांनी ज्या कवीवर पीएच.डी. केली त्याची एक ओळही त्यांना वर्गात शिकवायला मिळाली नाही. काटोल, सावनेर, उमरेडकडून सकाळच्या गाडीने पास काढून येणाऱ्या, मराठी माध्यमातल्या मुलांना आवश्यक इंग्रजी शिकवण्यात त्यांची तीस वर्षे गेली. हे त्यांनी कुरकुर न करता सांगितले. उलट, ‘डू’ आणि ‘डज’ यांतला फरक समजावण्याचे सतरा प्रकार आपल्याला येतात, असे म्हणून त्यांनी त्यातले पाच सांगूनही दाखवले. स्टाफरूममधल्या एका जुन्या प्रकरणाविषयी मात्र त्या बोलण्याच्या ओघात बरेच काही बोलून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तो भाग काढायला सांगितला. गटाने कोणतीही खळखळ न करता आणि जादा पैसे न घेता तो काढला, मूळ ध्वनिमुद्रणातूनही पुसला आणि तसे लेखी कळवले. ही बाब मी त्यांच्या बाजूने ठळकपणे मांडतो, कारण असल्या कामात विश्वास हाच मुख्य माल असतो.

आता संपादनाकडे येतो. बैठका संपल्यावर दोन महिन्यांनी कच्ची प्रत हाती आली आणि आम्ही चौघेही वेगवेगळ्या कारणांनी अस्वस्थ झालो. ध्वनिमुद्रणावरून मजकूर उतरवण्याचे काम आधी यंत्राने आणि मग कोणा वेगळ्याच माणसाने केले होते. गोंडाइटचे दोन ठिकाणी ‘गोंडस’ झाले होते. भूगर्भशास्त्रात नाइस नावाचा खडक आहे. पुस्तकी मराठीत त्याला पट्टिताश्म म्हणतात, पण वर्गात आम्ही सगळे नाइसच म्हणतो. यंत्राने तो ‘नाईस’ असा लिहिला, संपादकांना तो इंग्रजी विशेषणासारखा वाटला, आणि छापायला जाण्याच्या बेतात असलेल्या प्रतीत माझे वाक्य असे होते: ‘कामठीच्या बाजूला गेल्यावर छान खडक लागतो.’ घरी सगळे हसले. मीही हसलो, पण ती प्रत न तपासता छापली गेली असती तर माझ्या विद्यार्थ्यांनी काय म्हटले असते, या विचाराने त्या रात्री मी सगळी पाने पुन्हा वाचली.

शब्दांच्या चुका दुरुस्त करता येतात. त्याहून गंभीर तक्रार सुराची आहे. संपादकांनी आमचे बोलणे गौरवग्रंथाच्या भाषेत ओतले होते. ‘विद्यार्थ्यांच्या जडणघडणीत मोलाचा वाटा’, ‘ज्ञानदानाचे अखंड व्रत’ अशी वाक्ये आमच्या तोंडी घातली होती, जी निरोपसमारंभात शाल आणि श्रीफळ देताना दुसऱ्याने म्हणायची असतात. पीमॉन्टाइटचा प्रसंग पूर्णपणे गाळला होता. कारण विचारले तेव्हा, वाचकांवर प्रतिकूल परिणाम होईल आणि कुटुंबीयांना आवडणार नाही, असे उत्तर मिळाले. माझ्या कुटुंबीयांना काय आवडेल हे त्यांनी परस्पर ठरवले होते. तो प्रसंग मी आग्रहाने परत घालायला लावला आणि आता तो पुस्तकात ८८ व्या पानावर आहे.

मराठीचे सर सर्वांत जास्त चिडले. ते मूळचे नागपूरचे. बैठकीत ते मोकळेपणाने ‘मी तेव्हा महाल भागात राहून राहिलो होतो’, ‘पोरं काय करून राहिले ते पाहिलं’ असे बोलले होते. कच्च्या प्रतीत ते सगळे ‘वास्तव्यास होतो’ आणि ‘निरीक्षण केले’ असे होऊन आले. सरांचा आयुष्यभराचा अभ्यास महानुभाव वाङ्मयाचा आहे. त्यांनी संपादकांना समोर बसवून सांगितले, की आठवणी गोळा करणे हे मराठीत काही नवीन काम नाही. म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून चक्रधरांच्या आठवणी ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडून मिळवल्या, आणि त्यातूनच लीळाचरित्र उभे राहिले. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या गद्यात माणसे बोलताना ऐकू येतात, आणि तुमच्या प्रतीत माझाच आवाज मला ऐकू येत नाही. संपादक तरुण होते. त्यांनी ऐकून घेतले. सरांचा भाग पुन्हा नव्याने, ध्वनिमुद्रण ऐकत, त्या मुलीने केला आणि पुस्तकातला तो सर्वोत्तम भाग ठरला. हे आधीच का झाले नाही, असा प्रश्न मात्र राहतो. जी व्यक्ती प्रश्न विचारते तिनेच शब्दांकन करावे, ही अट कोणीही ही सेवा घेताना करारात लिहून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

करारावरून आठवले. छापील करारात एक कलम असे होते, की ध्वनिमुद्रणातील निवडक अंश प्रसिद्धीसाठी वापरण्याचा हक्क सेवा देणाऱ्यांकडे राहील. आम्ही ते खोडून सह्या केल्या आणि त्यांनी हरकत घेतली नाही, पण वाचल्याशिवाय सही करणाऱ्याच्या ते लक्षातही येणार नाही. मुदत तीन महिन्यांची सांगितली होती. प्रत्यक्षात सात महिने लागले, त्यातले दोन आमच्या दुरुस्त्यांमुळे गेले हे मान्य करतो. छपाई स्वच्छ आहे, कागद डोळ्यांना बरा वाटतो, परंतु कृष्णधवल छायाचित्रे काळवंडली आहेत आणि माझ्या प्रतीची बांधणी तिसऱ्याच वाचनात सुटली. नामसूचीसाठी वेगळे ३,००० रुपये मागितले गेले. ते आम्ही दिले, कारण जुन्या विद्यार्थ्यांना आधी स्वतःचे नावच शोधायचे असते. ध्वनिमुद्रणे पेन ड्राइव्हवर मिळाली, पण एकेक फाइल दीड-दोन तासांची आहे आणि कोणता प्रसंग कितव्या मिनिटाला आहे याची काहीही नोंद दिलेली नाही. ती यादी मी वही घेऊन स्वतः तयार केली. त्या कामाला पंधरा दिवस गेले आणि खरे सांगायचे तर पुस्तकापेक्षा ती वहीच मी अधिक वेळा उघडतो.

पुस्तकाच्या १०० प्रतींपैकी साठेक वाटून झाल्या. माझ्या १९८६ च्या बॅचमधला एक विद्यार्थी ८८ वे पान वाचून फोनवर म्हणाला, की सर, तो पट्टा पीमॉन्टाइटचा आहे हे मला नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी कळले होते, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.

आमच्यासारखा विचार कोणी करत असेल तर ध्वनिमुद्रण आणि शब्दशः उतरवलेला मजकूर एवढाच भाग घ्यावा. तो प्रत्येकी निम्म्या खर्चात मिळतो. पुस्तकाचा निर्णय तो मजकूर वाचून झाल्यावर घ्यावा. प्रश्न कोण विचारणार आहे ते आधी भेटून ठरवावे आणि छापील प्रश्नावली घेऊन येणाऱ्याला चहा पाजून परत पाठवावे. बैठका शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात ठेवाव्यात. आम्ही मे महिन्यात बसलो आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणात आमच्या बरोबरीने कूलरही बोलतो आहे. रसायनशास्त्राच्या सरांच्या बैठकीत तो एका ठिकाणी अचानक थांबतो, आणि यवतमाळच्या एस.टी.ची गोष्ट अर्धवट टाकून सर विचारतात, “लाइन गेली का?”